एकट्या पालकाने कर्ज फेडायला भिशीत उतरावं का?

उतरा, पण आधी एका महिन्याचा घरखर्च बाजूला काढा. मूल आजारी पडून बिनपगारी रजा झाली की पहिला हप्ता तुमचाच चुकतो. भिशी, म्हणजे सगळ्यांनी दरमहा हप्ता भरायचा आणि जमलेली रक्कम नंबराने एकेकाने उचलायची, दहा जणांची, दहा महिन्यांची पुरे. महागडं कर्ज असेल तर सुरुवातीचा नंबर मागा आणि रक्कम हातात पडली त्याच दिवशी सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज फेडा. कर्ज नसेल तर शेवटचा नंबरही चालतो. भिशी बुडते ती बहुधा पैसे उचलून गप्प बसणाऱ्यांमुळे, त्यामुळे नवख्याला पहिला नंबर सहसा मिळत नाही. तो हवा असेल तर ओळखीचा जामीन उभा करा. हप्त्याची सोय? शेजारच्या पालकांशी मुलं आलटूनपालटून सांभाळायचं ठरवा, पाळणाघराचे वाचलेले पैसे तिकडे वळवा.