कल्ल्यांतले चपटे कृमी आणि 'परजीवी आढळले नाहीत' हा अहवाल

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. तुमच्या टाकीतले हेकरू (ग्रूपर मासे) धापा टाकतायत, कल्ल्यांची झाकणं भराभर हलतायत, मधूनच एखादा मासा पाइपला अंग घासून जातो. अंगावर पांढरा ठिपका एकही नाही, पाण्याच्या चाचण्या ठीक, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात लिहिलंय, "परजीवी आढळले नाहीत, कल्ल्यांवर जिवाणूंचा संसर्ग". अँटिबायोटिक दिल्यावर मासे जरा खायला लागले आणि आता पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं, हेकरूंच्याच बाबतीत.

अमोनिया, ऑक्सिजन, क्षारता तुम्ही पाहिलीच आहे, त्यात शिरत नाही. तुम्ही लिहिलंय की मासे बर्फात घालून पाठवले. मग त्या 'आढळले नाहीत' वर अजिबात विसंबू नका. मासा मेला की कल्ल्यांच्या पेशी फार लवकर विरघळायला लागतात. त्यावरचे बारीक कृमी एक तर सुटून जातात, नाही तर तिथेच मरून त्या चिकट लगद्यात असे मिसळतात की सरावलेल्या डोळ्यालाही ओळखू येत नाहीत. सुटलेले कृमी बर्फाच्या पाण्याबरोबर पिशवीच्या तळाशी जातात आणि ते पाणी टेबलावर घ्यायच्या आधीच ओतून दिलेलं असतं.

मी ज्या प्रयोगशाळेकडे गेलो तिचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका जागेचा नाही, पद्धतीचा आहे. मी धापा टाकणारे जिवंत मासे हवा भरलेल्या पिशवीत घेऊन गेलो होतो. खिडकीवर सांगितलं, जिवंत नमुना घेत नाही, बर्फात आणा. अर्जावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की कल्ले ताजे असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. नमुने फ्रीझरमध्ये गेले. गोठवलेल्या कल्ल्यांत काय शिल्लक राहणार? बऱ्याच दिवसांनी अहवाल आला: व्हिब्रिओ हा जिवाणू वाढला, अमुक अँटिबायोटिकला दाद देतो. अहो, व्हिब्रिओ समुद्राच्या पाण्यात असतोच. कृमींनी ओरबाडलेल्या कल्ल्यांवर तो वाढणारच. तो आहे हे खरं, पण दार कोणी फोडलं हे त्यातून कळत नाही. फोन करून विचारलं, ताज्या कल्ल्याची काचपट्टी केली होती का? उत्तर मिळालं की ते त्यांच्या तपासणीच्या यादीत नाही. मग "परजीवी आढळले नाहीत" हे वाक्य कशाच्या आधारावर लिहिलं? जे पाहिलंच नाही त्याबद्दल "तपासले नाही" असं लिहायला काय हरकत होती? त्या एका वाक्यामुळे मी परजीवींचा विचार सोडून दिला आणि अहवालाची वाट पाहण्यात, मग अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करण्यात जो वेळ गेला त्यात बहुतेक मासे गेले. आजही त्याचा राग आहे. माझ्या मते कुठल्याही अहवालात कोणती तपासणी केली आणि नमुना कोणत्या अवस्थेत होता हे लिहिणं सक्तीचं असायला हवं.

शेवटी मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांनी आत्ताच मेलेल्या माशाचं झाकण उचललं, कल्ल्याच्या कमानीवरचे थोडे तंतू बारीक कात्रीने कापले, टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात काचेवर ठेवले आणि वर कव्हर स्लिप टाकली. सगळ्यात कमी पॉवरवर आधी नुसते लाल कंगव्यासारखे तंतू दिसले. मग त्यांच्या मधून काहीतरी लांब झालं, आखडलं, पुन्हा लांब झालं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पारदर्शक जीव. पुढच्या टोकाला चार काळे ठिपके, ते त्याचे डोळे. मागचं टोक मात्र जागचं हलत नव्हतं, तिथल्या आकड्यांनी त्याने तंतू पकडून ठेवला होता. एकदा ही हालचाल पाहिली की पुन्हा कधी चुकत नाही. हेकरूंच्या कल्ल्यांवर नेहमी सापडणारा हा गट, स्यूडोऱ्हॅब्डोसायनोकस. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

हे तुम्हीही करू शकता. शाळेत असतो तसला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. मासा नुकताच मेलेला हवा, काही मिनिटांपूर्वीचा असेल तर उत्तम. थेंब गोड्या पाण्याचा नको, त्यात कृमी फुगतात. आणि दोन्ही बाजूंच्या सगळ्या कमानी पाहा, एकच तुकडा बघून निष्कर्ष काढू नका. जिवंत माशाचे तंतू काढायचे तर भूल द्यावी लागते, ते काम पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच करा. प्रयोगशाळेला पाठवायचंच असेल तर आधी फोन करून जिवंत मासा घेतात का ते विचारा. नाहीच घेतला, तर ताजे कल्ले लगेच फॉर्मॅलिनमध्ये घालून पाठवा आणि बाटलीच्या तळाचा गाळही तपासा असं लेखी सांगा.

आता उपचार. मी पशुवैद्यक नाही. खाण्यासाठी वाढवत असलेल्या माशांना कोणतं औषध चालतं आणि औषधानंतर किती दिवस विकता येत नाही, याचे नियम आधी समजून घ्या.

तांब्याचं औषध टाकू नका. ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर आणि अ‍ॅमिलोओडिनियम या एकपेशीय परजीवीवर चालतं, या कृमींवर त्याचा भरवसा नाही, आणि आधीच गुदमरलेल्या माशाच्या कल्ल्यांना ते आणखी त्रास देतं. गोड्या पाण्याची बुडी लोक लगेच सुचवतील. ती कातडीवरच्या मोठ्या कृमींवर, म्हणजे निओबेनेडेनिया, बेनेडेनिया यांच्यावर छान लागू पडते. पाच मिनिटांत ते पांढरे पडून गळताना डोळ्यांनी दिसतात. कल्ल्यांच्या आत, चिकट स्रावाखाली बसलेल्यांवर मात्र मी तिच्या भरवशावर राहणार नाही. ऑस्ट्रेलियात पिंजऱ्यांत वाढवल्या जाणाऱ्या किंगफिशच्या कल्ल्यांवर झ्यूक्साप्टा नावाचा रक्त पिणारा कृमी असतो, त्यासाठी तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडची आंघोळ वापरतात. तो मार्ग सरावाचा आहे, मात्रा आणि वेळ यांत चूक झाली तर कल्लेच जळतात. रक्त पिणारे असतील तर कल्ले फिकट, गुलाबीसर दिसतात. तुमच्या फोटोत ते लालच आहेत आणि स्राव भरपूर आहे, म्हणून मला पेशी आणि स्राव खाणारा गट वाटतो. फोटोवरून यापेक्षा जास्त सांगणं योग्य नाही.

माझी पसंती प्राझिक्वांटेल या कृमिनाशक औषधाला. टाकीत लिटरला साधारण २ ते २.५ मिलिग्रॅम अशी मात्रा सहसा वापरतात. पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, तरंगत राहते, त्यामुळे आधी वेगळ्या भांड्यात नीट घोळवून घ्या. स्किमर, कार्बन, यूव्ही, ओझोन ही पाणी शुद्ध करणारी साधनं बंद ठेवा आणि हवा मात्र दुप्पट करा. औषध चवीला कडू असल्यामुळे खाद्यातून दिलं तर मासे तोंड फिरवतात. एकाच टाकीत ते पुन्हा पुन्हा वापरत गेलं तर तिथले जिवाणूच ते फस्त करायला लागतात, हेही ध्यानात ठेवा. फॉर्मॅलिनही काम करतं, पण लिटरला ५ मिलिग्रॅम फॉर्मॅलिनमागे सुमारे १ मिलिग्रॅम ऑक्सिजन कमी होतो, आणि तुमचे मासे आधीच धापा टाकतायत. बाटलीच्या तळाशी पांढरा साका असेल तर ती बाटली वापरूच नका. हातमोजे, मास्क आणि उघडी खिडकी याशिवाय तिला हात लावू नका.

खरी गोम अंड्यांत आहे. औषधाने कल्ल्यांवरचे कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. अंड्याचं कवच टणक असतं आणि त्याला धाग्यासारख्या शेपट्या असतात. त्या जाळीत, पाइपच्या सांध्यांत, स्पंजमध्ये अडकतात. अंड्यातून केसाळ, पोहणारी पिल्लं निघतात आणि थेट दुसरा मासा गाठतात, मधे गोगलगाय वगैरे कोणी लागत नाही. म्हणून बंद टाकीत ही संख्या एवढी भराभर चढते. कोमट पाण्यात, २५ ते २८ अंशांना, बहुतेक अंडी आठवड्याभरात फुटतात. गार पाण्यात जास्त दिवस लागतात. दुसरी मात्रा अशी धरा की अंडी फुटून गेलेली असतील, पण नव्या पिल्लांनी अजून अंडी घातलेली नसतील. "मासे सुधारले, आता कशाला" म्हणून ती टाळली तर महिन्याभरात पुन्हा इथेच याल. जमलं तर तिसरीही द्या. आणि प्रत्येक मात्रेनंतर एखाद्या माशाचे कल्ले पाहा, अंदाजावर थांबू नका.

जाता जाता, नवे मासे वेगळे ठेवण्याबद्दल कोणी "एवढं काय त्यात" म्हणालं तर त्यांना अरल समुद्राची गोष्ट सांगा. १९३० च्या दशकात तिथे कॅस्पियन समुद्रातून एका जातीचे स्टर्जन मासे आणून सोडले. त्यांच्या कल्ल्यांवर निट्झ्शिया नावाचा याच वर्गातला, पण वेगळ्या कुळातला कृमी होता. मूळच्या जातीला त्याची सवय होती, अरलमधल्या शिप स्टर्जनला नव्हती, आणि १९३६ मध्ये ते प्रचंड संख्येने मेले. कोणी कल्ले उघडून बघितले असते तर तो समुद्र वाचला असता असं म्हणत नाही, पण निदान ते मासे सोडले गेले नसते.

तुमच्या टाकीला वेगळी जाळी, वेगळी बादली ठेवा आणि वापरल्यावर कडक उन्हात पूर्ण सुकवा. ओली जाळी दुसऱ्या टाकीत घातलीत तर अंडीही तिच्याबरोबर तिकडे जातात.

मात्रा टाकण्याआधी दोन गोष्टी इथे लिहा: पाण्याचं तापमान किती, आणि त्या टाकीत पाकट, शार्क किंवा पिसांसारखे पसरणारे नळीतले किडे वगैरे काही आहे का. किडे असतील तर प्राझिक्वांटेल त्यांनाही मारू शकतं, मग मासे वेगळ्या टाकीत काढूनच उपचार करावा लागेल. आणि उद्या एखादा मासा दगावला तर त्याला बर्फ लावू नका, तसाच काचपट्टीकडे न्या.