बोल्ड इटॅलिक सेरिफ फॉन्ट मंगल कार्यालयाच्या बोर्डाला चालेल का?

म्हणजे जाड, तिरकं आणि टोकांना छोटी पावलं (सेरिफ) असलेलं अक्षर. इंग्रजी नावाला चालेल. एकच शब्द असेल आणि अक्षर हातभर उंच असेल तर शोभूनही दिसेल. मराठी नाव मात्र बटण दाबून तिरकं करू नका. दारव्हा तालुक्यात वीस वर्षं पाट्या रंगवून हे सांगतो आहे.

2006 चा दसरा जवळ आला होता. कापूस निघायच्या आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगायला येतात. एका मालकाला ट्रॉलीवर ‘रेणुका माता’ हवं होतं, धावतं दिसेल असं तिरकं. माझ्या चुलतभावाने तेव्हा नुकतंच रेडियम कटिंगचं मशीन घेतलं होतं. मालकाने दोघांचंही मन राखलं: उजवी बाजू माझ्या ब्रशला, डावी त्याच्या रेडियमला.

डाव्या बाजूला उभं राहिलं की ट्रॉलीचं तोंड आपल्या डाव्या हाताला येतं. भाऊ म्हणाला, अक्षरं उजवीकडे कलली तर गाडी पुढे आणि नाव मागे दिसेल. म्हणून त्याने सगळं नाव डावीकडे झुकवलं. ‘रे’ची मात्रा मुळातच डावीकडे पडती, ती थेट शिरोरेषेवर आडवी झाली. दोन खेपांची धूळ बसली आणि मात्रा दिसेनाशी झाली. काका, म्हणजे त्याचेच वडील आणि माझे गुरू, चौकात मोठ्याने वाचू लागले, “हे रणुका माता कोन व्हय बाप्पा?”

मी उजव्या बाजूला खडूची दोरी मारून शिरोरेषा आखली, काने तिरके केले, पण मात्रेचा झोक होता तेवढाच ठेवला. कान्यांसोबत ढकलली असती तर ती काठीसारखी उभी झाली असती.

इटॅलिक म्हणजे ढकललेलं अक्षर नव्हेच. व्हेनिसला आल्दुस मानुतियुसच्या छापखान्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने ते हस्ताक्षरावरून वेगळं कोरलं आणि 1501 मध्ये व्हर्जिलच्या कविता त्यात छापल्या गेल्या. जाडजूड तिरकी अक्षरं आली ती एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या जाहिरातींसाठी. फॉन्ट घेताना इंग्रजी लहान ‘ए’ पाहा. सरळ अक्षरात त्याच्या डोक्यावर छत्री असते, इटॅलिकमध्ये ती बहुतेक वेळा नसते. सेरिफ फॉन्टमध्ये छत्री तशीच राहून नुसती कलली असेल, तर कुणीतरी बटण दाबलं आहे असं समजा.

त्याच ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर मी हेच नाव इंग्रजीत बोल्ड इटॅलिक सेरिफमध्ये काढलं होतं. बारीक रेघा मुद्दाम पेन्सिलीएवढ्या जाड ठेवल्या. रेडियमच्या बारीक रेघा धुण्यात आधी सुटतात, तेही त्या डाव्या बाजूला झालंच.

तुमच्या बोर्डात मागून लाइट असेल तर बोडोनीसारखा केसाएवढ्या रेघांचा फॉन्ट घेऊ नका, उजेडात रेघ बुडते. पत्ता आणि फोन नंबर सरळ अक्षरात ठेवा. लग्नपत्रिकेत एखादी ओळ तिरकी असेल तर माझी हरकत नाही, ती हातात धरून वाचतात.

भाऊ अजून म्हणतो की चूक धुळीची होती. तुमचा फ्लेक्सवालाही म्हणेल, “एका क्लिकमध्ये होते.” त्याला आधी ‘रे’ कागदावर मोठा काढायला लावा, कागद रस्त्यापलीकडच्या भिंतीला चिकटवा आणि तुमच्या दारातून वाचून पाहा.