वेंगुर्ल्यात ओले काजू फोडायचं यंत्र बनवलंय. पेटंटचा वर्ग ए२३एन की ए२३एल? आणि एकाने ‘वर्ग ७’ सांगितला, तो कुठला?

ए२३एन, नेमकं सांगायचं तर ए२३एन ५/००. फोड अशी: ‘ए’ म्हणजे मानवी गरजांचा विभाग, २३ म्हणजे खाद्यपदार्थ, ‘एन’मध्ये फळं-भाज्यांवर प्रक्रिया करणारी यंत्रं, आणि ५/०० हा गट कवचाची फळं सोलण्या-फोडण्याच्या यंत्रांचा. ए२३एल खाद्यपदार्थ आणि तो करण्याच्या रीतीसाठी आहे. काजूगर मसाला लावून टिकवायची नवी रीत शोधली असतीत तर ए२३एल २५/०० बघावं लागलं असतं. काजूच्या बोंडांचंच उदाहरण घ्या: रस काढायचं यंत्र ए२३एन १/००, बिनअल्कोहोलचं सरबत ए२३एल २/००, आणि तोच रस आंबवून दारू केलीत की थेट ‘सी’ विभागात, सी१२जी! म्हणजे फळ कुठलं यापेक्षा शोध यंत्राचा, पदार्थाचा की रीतीचा, हे आधी ठरवा.

‘वर्ग ७’ विसरा. तो ट्रेडमार्कचा, नीस वर्गीकरणातला. पेटंटशी त्याचा काही संबंध नाही. हा घोळ फार जण करतात.

हे सगळं वायपोच्या, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात आहे आणि पेटंटस्कोप या तिच्याच संकेतस्थळावर वर्ग टाकून फुकट शोधता येतं. मी जुनी पेटंटं तशीच शोधतो, कारण नुसतं ‘कॅश्यू’ टाकलं की ‘नट’ एवढंच लिहिलेली यंत्रं निसटतात.

फक्त एक: अर्जाचा अंतिम वर्ग पेटंट कार्यालय ठरवतं, आणि एकाच अर्जाला दोन-तीन वर्गही लागू शकतात. तुमचा अंदाज चुकला म्हणून अर्ज बाद होत नाही.