बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली का?

प्रश्न : काका, मी सोलापूरचाच, जुळे सोलापुरात वाढलो. सध्या शिक्षणासाठी लीड्सला आहे. इथे मित्रांबरोबर तयार किट आणून २० लिटर बिअर लावली आहे. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०४८ होती. पहिले तीन दिवस एअरलॉकमधून (झाकणावरच्या वायू सोडणाऱ्या नळीतून) धडाधड बुडबुडे आले, मग बंद पडले. आज नववा दिवस. ग्रॅव्हिटी मोजायचा हायड्रोमीटर १.०२० दाखवतो, तीन दिवसांपूर्वीही तेवढंच होतं. खोली रात्री चांगलीच गार पडते. मित्र म्हणतात, आकडा हलत नाही म्हणजे झाली, बाटल्या भरू या. भरू का? – एक विद्यार्थी, लीड्स

उत्तर : नको भरूस. कारण पुढे सांगतो, पण बाटल्या धुऊन तयार ठेवल्या असतील तर त्या आधी बाजूला ठेव.

साखर आंबते तेव्हा वजनाने जवळजवळ निम्म्या साखरेचं अल्कोहोल होतं आणि निम्म्याचा कार्बन डायऑक्साइड. साखर कमी होत जाते तशी ग्रॅव्हिटी उतरते. ती १.०२० वरून १.०१९ झाली, म्हणजे एकच पॉइंट उतरली, तरी एक लिटर बिअरमागे साधारण अर्धा लिटर वायू तयार होतो. तुझी बिअर १.०११ पर्यंत उतरणार असेल तर अजून नऊ पॉइंट बाकी आहेत. लिटरमागे साडेचार लिटर वायू झाला की नाही? शिवाय फेसासाठी बाटलीत साखर घालतात तिचा वेगळा. नेहमीच्या बिअरमध्ये लिटरमागे अडीच लिटरच्या आसपास वायू असतो. शॅम्पेनमध्ये सहाच्या आसपास असतो आणि म्हणूनच तिची बाटली इतकी जाड करतात. तुमची साधी बाटली एवढा दाब सोसणार नाही. ती फुटेल, आणि फुटेल तेव्हा शेजारी कोण उभं असेल ते सांगता येत नाही. काच डोळ्यात जाते रे. हा विषय मला हसण्यावारी नेता येत नाही.

आता बुडबुड्यांचं. एअरलॉक ही हवा आत येऊ न देण्याची सोय आहे, मोजमापाचं साधन नव्हे. झाकण जरासं सैल असलं तर वायू कडेने निघून जातो आणि बुडबुडा एकही येत नाही, आत मात्र आंबणं जोरात चालू असतं. याच्या उलटही होतं. आंबणं केव्हाच संपलेलं असतं, पण दुपारी खोली तापली की बिअरमध्ये विरघळलेला वायू बाहेर पडू लागतो आणि एअरलॉक पुन्हा बोलू लागतो. वरचा फेस बसला, तळाशी गाळ साठला, बिअर निवळली, या खुणा बघायला हरकत नाही. पण त्यांच्या भरवशावर बाटलीला झाकण ठोकायचं नाही.

तुझे मित्र म्हणतात तो नियम पुस्तकी आहे आणि एरवी बरोबरही आहे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला तर आंबणं थांबलं असं समजायचं. पण ते कशामुळे थांबलं, हे त्या नियमाला कळत नाही. यीस्टने खाण्यासारखी साखर संपवली म्हणूनही आकडा थांबतो आणि यीस्ट गारठून तळाशी बसलं म्हणूनही थांबतो. थंडीत इडलीचं पीठ रात्रभरात फुगलं नाही तर आपण ते फेकून देत नाही, उबेला ठेवतो. तुझ्या बादलीत तेच झालं असेल असा मला दाट संशय आहे. १.०४८ वरून १.०२० म्हणजे सुरुवातीच्या ४८ पॉइंटांपैकी जेमतेम ५८ टक्के उतरले. साधारण एल यीस्ट (घरगुती बिअरला नेहमी वापरतात ते) ७० ते ७५ टक्क्यांपर्यंत तरी जातं.

तरी संशयावर भागत नाही, कारण काही किटांचा अर्कच असा असतो की त्यातली बरीच साखर यीस्टला पचत नाही. अशी बिअर १.०१८-१.०२० ला खरोखरच संपते. मग तुझी कुठली?

याचं उत्तर काढायची पद्धत मला आमच्या डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत मिळाली. आपल्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट होतो. मळीचा टँकर आला की तिच्यात एकूण साखर किती, याच्यावर आम्ही थांबत नसू. त्यातली आंबणारी किती आणि न आंबणारी किती, हे नमुना आंबवून बघायचो. मळीत न आंबणारे पदार्थ आणि क्षार एवढे असतात की वॉश (म्हणजे आंबवलेली मळी) पुरता तयार झाल्यावरही ग्रॅव्हिटी १.०३० च्या वरच राहायची. नवीन आलेली मुलं तो आकडा बघून घाबरायची आणि वॉश अर्धवट आहे म्हणायची. शेवटचा आकडा कुठे यायला हवा हे आधी ठाऊक असेल तरच हातातल्या आकड्याला अर्थ येतो.

तू असं कर. उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत पाव लिटर बिअर काढ. त्यात बिअरचंच ताजं कोरडं यीस्ट चांगलं चिमूटभर टाक. तोंडावर फॉइल सैलसर बसव, झाकण लावू नकोस. बाटली २५-२७ अंशांच्या उबेत ठेव आणि येता-जाता हलवत राहा. दोन-तीन दिवसांनी तिची ग्रॅव्हिटी घे. ती १.०२० च राहिली तर तुमची बिअर खरंच संपली आहे, मित्र जिंकले. ती १.०११-१.०१२ ला उतरली तर बादलीतलं यीस्ट झोपलंय आणि तुमचा मुक्काम कुठे आहे तेही कळलं. नमुना नंतर ओतून द्यायचा, बादलीत परत नाही. पुढच्या खेपेला हा प्रयोग पहिल्याच दिवशी लावून ठेव.

यीस्ट झोपलेलं निघालं तर बादली १९-२० अंशांच्या खोलीत आण आणि झाकण न उघडता हलकेच गोल फिरव, म्हणजे तळाचं यीस्ट वर येईल. जोरात हिसळायचं नाही. या टप्प्यावर हवा मिसळली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. बहुतेक वेळा आकडा पुन्हा उतरू लागतो. नाहीच उतरला तर त्याच जातीचं ताजं यीस्ट कोमट पाण्यात जागं करून घाल.

हायड्रोमीटर नीट वाचणं हीसुद्धा कामाची निम्मी बाजू आहे. नमुना दोन पेल्यांत वर-खाली ओतून आधी वायू घालव. काचेला बुडबुडे चिकटले की ते हायड्रोमीटरला उचलून धरतात आणि आकडा जास्त दिसतो. तो किती अंशांवर बेतलेला आहे ते त्याच्यावरच छापलेलं असतं, बहुधा २०. आमच्याकडे मे महिन्यात नमुना ३५ अंशांवर असला की असा हायड्रोमीटर चारेक पॉइंट कमी दाखवायचा. तुझ्याकडे १४ अंशांच्या नमुन्यात तो एखादा पॉइंट जास्त दाखवत असेल, फार नाही. साध्या पाण्यात, नेमक्या तापमानाला, १.००० दाखवतो का ते एकदा तपासून घे. थेंबभर बिअर टाकून बघायचा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर तो सुरुवातीला चांगला, पण अल्कोहोल तयार झाल्यावर तो सरळ वाचायचा नाही, सुधारणा करावी लागते.

आकडा जागेवर आला तरी मी लगेच बाटल्या भरा म्हणणार नाही. साखर संपल्यावर यीस्ट स्वतः तयार केलेली काही नको ती द्रव्यं परत शोषून घेतं. लोण्यासारखा किंवा हिरव्या सफरचंदासारखा वास येत असेल तर आणखी दोन-तीन दिवस तशाच उबेत राहू दे. मग ठरलेल्या ग्रॅव्हिटीचं दोनदा वाचन घे आणि भर. २० लिटरला साधारण १२० ग्रॅम साखर पुरते.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यासाठी बिअर करायला परवाना लागत नाही, मात्र ती विकता येत नाही. इथल्या वाचकांसाठी स्पष्ट लिहितो : महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. सुट्टीत घरी आलास की किट सोबत आणू नकोस.

प्रश्न : उन्हाळ्यात मी आलं, साखर आणि लिंबू आंबवून फसफसतं सरबत करते. ते तयार झालं हे कसं ओळखायचं? – एक गृहिणी, शेळगी

उत्तर : ताई, तुमचं गणित बरोब्बर उलटं आहे. तुम्हाला आंबणं संपेपर्यंत थांबायचंच नाही, कारण ते संपेल तेव्हा गोडवा जाऊन अल्कोहोल वाढलेलं असेल. काचेची बाटली वापरू नका. थंड पेयाची प्लास्टिकची बाटली घ्या, वर चार बोटं जागा सोडा आणि दाबून बघत राहा. ती न दबण्याइतकी घट्ट झाली की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात याला एक दिवसही पुरतो, म्हणून सकाळी भरली तर संध्याकाळी बघाच. थंडीने यीस्ट मंदावतं, मरत नाही. फ्रीजमधली बाटलीही रोज दाबून बघा, फार ताणली असेल तर झाकण हळूच सैल करून वायू सोडा आणि चार-पाच दिवसांत संपवा. थोडं अल्कोहोल त्यात असतंच, तेव्हा लहान मुलांना साधं आलं-लिंबाचं सरबत द्या.