पट्टी बघून चक्कर येते आणि म्हणे नर्सिंगला जायचंय

सईची आई (नाव अर्थातच बदललंय, बाकीचंही थोडं इकडचं तिकडे केलंय) खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाली. "मॅडम, आता तुम्हीच सांगा हिला. भाजी चिरताना माझं बोट कापलं तर ही सोफ्यावर आडवी, आणि फॉर्म भरून बसलीय नर्सिंगचा!" सई मागे उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. बाबा खाली स्कूटरपाशीच थांबले होते, वर यायला पार्किंग नाही म्हणून. खरं कारण नंतर कळलं.

इंदूरला आमच्याकडे काउन्सेलिंगला हा प्रश्न दरवर्षी येतोच, बारावीचा निकाल लागला की. कधी मुलगी स्वतः विचारते, कधी आई, आणि बऱ्याचदा आईला मनातून हवं असतं की मॅडमनी एकदाचं 'नाही जमणार' म्हणून टाकावं म्हणजे घरातला वाद मिटला. सईच्या आईचंही तसंच होतं, आणि तिनं ते दुसऱ्या भेटीत कबूल पण केलं, म्हणून मला ती आवडली.

सईचं पहिलं पडणं अकरावीतलं. बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला ब्लड ग्रुप काढायचा होता, तिथल्या मॅडमनी बोटाला लॅन्सेट (टोचायची बारीक सुई) लावलं आणि ही टेबलावर हनुवटी आपटून खाली, पुढच्या दाताचा कोपरा गेला. तेव्हापासून पट्टी, सुई, नुसता स्पिरिटचा वास, चक्कर यायला काहीही पुरायचं. स्वतःचा ब्लड ग्रुप तिला अजून माहीत नव्हता. मग नर्सिंग का? तर आजी आजारी असताना हिनं दोन महिने सगळं केलं होतं, कूस बदलणं, बेडपॅन, ओले कपडे, रात्री उठून औषध, आणि त्यात हिला एकदाही घाण वाटली नाही की कंटाळा आला नाही. "ते आवडलं मला," एवढंच म्हणाली. मला ते पुरेसं वाटलं, कारण किळस येणं आणि चक्कर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्या एकात एक मिसळतात.

आता चक्कर का येते ते जरा नीट सांगते, कारण इथेच सगळे चुकतात, मीसुद्धा चुकलेय. पालीची भीती, लिफ्टची भीती, यात छाती धडधडते, बीपी वाढतं, आणि वाढलेल्या बीपीनं माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही, कितीही वाटलं तरी. रक्ताच्या भीतीत उलटं होतं. आधी थोडं वाढतं आणि मग एकदम घसरतं, ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायाकडे राहतं, मेंदूला कमी पोचतं. मग जांभया, गार घाम, कानात सूं, डोळ्यांपुढे अंधारी आणि धप्प. आडवं पडलं की मेंदूला परत रक्त मिळतं आणि माणूस उठून विचारतो काय झालं. डॉक्टर याला वेसोवेगल म्हणतात. भित्रेपणाशी याचा संबंध नाही, आणि हे घराण्यात चालतं.

मी घराण्याचं बोलले आणि आई हसायलाच लागली. सईच्या जन्माच्या वेळी एमटीएच हॉस्पिटलमध्ये नर्सनी बाळ दाखवायला बाहेर आणलं तर हिचे बाबा बाळाच्या नाळेचा चिमटा बघून भिंतीला टेकले आणि घसरत खाली बसले म्हणे. अठरा वर्षं घरात हा किस्सा जोक म्हणून चाललाय आणि सईला कोणी कधी सांगितलंच नाही की बाई गं, हे तुला तिकडून आलंय. डायबिटीसचं निदान होऊनसुद्धा बाबा दोन वर्षं शुगर तपासायला गेले नव्हते. स्कूटरपाशी का थांबले होते ते आता समजलं असेल.

माझी चूक अशी, की सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका मुलीला मी सगळ्यांना शिकवते तेच शिकवलं, डोळे मिटा, खोल श्वास, अंग सैल सोडा. ती सैल सोडता सोडता खुर्चीवरून घसरली. साहजिक आहे, जिचं बीपी आधीच खाली चाललंय तिला मी अजून सैल व्हायला सांगत होते! नंतर वाचलं की १९८७ सालीच स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-यॉरान ओस्ट यांनी यावर बरोबर उलटा उपाय छापलाय, अंग ताणायचा, आणि तो पण जेमतेम पाच बैठकांचा.

पद्धत साधी आहे. बसून हातांचे, पायांचे आणि पोटाचे स्नायू घट्ट आवळायचे, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग सोडायचं, पण लोळागोळा होऊन नाही, नेहमीसारखं बसायचं, वीस-तीस सेकंद. असं पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा. चक्करेची पहिली खूण ओळखायला शिकायचं, सईची खूण जांभई होती, आणि जांभई आली की लगेच आवळायचं. ज्यांना बीपीचा, हार्टचा त्रास आहे किंवा दिवस गेलेत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि कोणाला पळताना चक्कर येत असेल, छातीत धडधड होऊन येत असेल, किंवा घरात कोणी कमी वयात अचानक गेलं असेल तर माझ्याकडे नाही, आधी ईसीजी काढायला जा.

मग आम्ही पायऱ्या केल्या. पहिल्या दिवशी नुसते फोटो. दुसऱ्या आठवड्यात घरचं गृहपाठ म्हणजे बिटाची कोशिंबीर स्वतः किसून करायची, हसू नका, तिला किसणीवरचे लाल हात बघून पहिल्यांदा जांभई आलीच होती. मग रक्त काढतानाचे व्हिडिओ, मग बंद लॅन्सेट हातात धरून बसणं, मग घराजवळच्या पॅथॉलॉजीत नुसतं बाकावर वीस मिनिटं बसून परत येणं. शेवटी हिमोग्लोबिन आणि ब्लड ग्रुप, आडवं झोपून. तिथे एक गंमत झाली, हिनं सगळं अंग आवळलं तर तो टेक्निशियन ओरडला, "बेटा, हाथ तो ढीला छोड़ो!" त्याचं बरोबरच होतं, ज्या हातातून रक्त काढायचं तो सैलच पाहिजे, आवळायचे ते दोन्ही पाय आणि दुसरा हात. हे मी सांगायला विसरले होते. सुई टोचली, ती पडली नाही, पण बाहेर येऊन रडली खूप. ओ पॉझिटिव्ह निघाला.

मधल्या काळात आईचा प्रश्न, "बीएस्सीपेक्षा जीएनएम करू दे का, त्यात रक्त कमी असेल?" नाही हो. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, बारावी कुठल्याही शाखेतून इंग्रजीसकट चालते, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आणि त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि ओपनला ४५ टक्के लागतात, ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण पाहिजेत. पण वॉर्ड तोच, लेबर रूम तीच. मिडवाइफरी, म्हणजे बाळंतपणाचं काम, दोन्हीत आहे, डिलिव्हरी दोन्हीत कराव्या लागतात. सईनं आपल्या इथल्या बीएस्सीची प्रवेश परीक्षा, पीएनएसटी, दिली, जी कर्मचारी चयन मंडळ घेतं आणि घरातले मोठे अजून व्यापमच म्हणतात. भीती मोजून कोर्स निवडू नका, पात्रता आणि पुढचं काय ते बघून निवडा.

आणि खरी भीती बाळगायची तर कॉलेजची बाळगा. आपल्या मध्य प्रदेशात बोगस नर्सिंग कॉलेजांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, हायकोर्टानं सीबीआयला तपासणीला लावलं, आणि पोरांच्या परीक्षा वर्षानुवर्षं अडकल्या. म्हणून मी आईला म्हटलं, चकरेचं माझ्यावर सोडा, तुम्ही कॉलेज बघायला जा. नर्सिंग कौन्सिलच्या यादीत चालू वर्षाची मान्यता आहे का बघा, स्वतःचं शंभर खाटांचं हॉस्पिटल कुठेय ते विचारा आणि त्यात जाऊन पेशंट मोजा, पाटी नको. त्या बिचाऱ्या खरंच गेल्या, एका ठिकाणी तर वॉर्डात गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं म्हणाल्या. ते कॉलेज यादीतून कटाप.

ॲडमिशन झालं. फिटनेस सर्टिफिकेट लिहून घेताना सईनं डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं की मला असं होतं आणि मी त्यावर हे करते. लपवू नको हा माझा आग्रह होता, आणि डॉक्टरांनी काही खळखळ केली नाही. हेपेटायटिस बीच्या तीन सुया होत्या, आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी, म्हणजे तीन सराव फुकटात. पहिल्या सेमिस्टरला तर बहुतेक ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी, बेड करणं, हात धुणं, टेंपरेचर-नाडी-बीपी हेच, त्यामुळे वेळ मिळाला.

सर्जिकल वॉर्डात पहिलं मोठं ड्रेसिंग बघायची वेळ आली तेव्हा तिनं आदल्या दिवशी फोन केला. मी सांगितलं, पोहे खाऊन जा, पाणी पी, गुडघे ताठ करून उभी राहू नको, इन्चार्ज सिस्टरांना आधी सांगून ठेव आणि भिंतीपाशी जागा धर. दुपारी परत फोन. जांभई आली होती, तिनं पाय आवळले, दोन मिनिटं स्टुलावर बसली, परत उभी राहिली. पण शेजारची मुलगी, जी सगळ्यात बिनधास्त, जी हिला चिडवायची, ती सकाळपासून उपाशी, एकदम खाली गेली. सईनं तिचे पाय उचलून धरले. "मॅडम, तिला मी आवळायला शिकवू का?"

शिकव म्हटलं, पण तुझ्या बाबांना आधी.

गेल्या रविवारी फोटो आला. पॅथॉलॉजीच्या खाटेवर बाबा आडवे, डोळे गच्च मिटलेले, कोपरात कापूस, आणि चादरीतून दिसतंय की दोन्ही पाय असे ताणलेत की टाचा खाटेच्या बाहेर गेल्यात. खाली सईनं लिहिलेलं, "उपाशी पोटी शुगर झाली, जेवणानंतरचीला पण येतो म्हणालेत."