चिपळूणची 'पुरात न बुडालेली' गाडी घेतली, आत गाळ निघाला. पैसे परत मिळतील?

मिळू शकतात, पण गाडी डीलरकडून घेतली असेल तर. थेट मालकाकडून झालेला खासगी व्यवहार ग्राहक कायद्यात बसत नाही, तिथे दिवाणी दावा करावा लागतो.

आज आधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा, उद्या ती गायब असेल. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, कार्पेट उचला. पट्ट्यावर मातकट रेघ आणि सीटच्या रुळांवर गंज दिसला तर फोटो घ्या. आपल्या कोकणातल्या खाऱ्या हवेचा गंज असा सीटखाली सहसा धरत नाही. मेकॅनिककडून लेखी घेतल्याशिवाय दुरुस्ती करू नका, पुरावाच जाईल.

डीलरला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत जा. डीलर मुंबईचा असला तरी तुम्ही राहता तिथे तक्रार चालते, आणि गाडी ५ लाखांपर्यंतची असेल तर फी नाही.