घरातल्या सगळ्यांना चालेल असा एकच विंडसर्फिंग बोर्ड कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की दोघं मोठी, दोन मुलं, वजनं ३० पासून ८० किलोपर्यंत, आणि किनाऱ्यावर न्यायला बोर्ड एकच हवा. मग लांबी, रंग, कंपनी सगळं बाजूला ठेवा आणि आधी बोर्डावर छापलेले लिटर, म्हणजे त्याचं घनफळ, वाचा.

मी वाचले होते, पण मनावर घेतले नव्हते. ‘शिकल्यावर हाच लागेल’ म्हणून पहिलाच बोर्ड १२० लिटरचा घेतला. आता हिशोब बघा. एक लिटर म्हणजे ढोबळमानाने एक किलो तरंगणार. मी ७८ किलो, बोर्ड १२, मास्ट (शिडाची उभी काठी), बूम (हातात धरायचा आडवा दांडा) आणि शीड मिळून ९. झाले ९९. उरलेल्या २१ लिटरवर मी तोल सांभाळत होतो! पाय जरा कडेला सरकला की ती कड पाण्याखाली जायची. दोरीने शीड वर ओढायचं, पडायचं, परत चढायचं. दुपारभर हेच. किनाऱ्यावरून मुलं मोजत होती, एकोणीस वेळा.

तेव्हा घरातल्या सर्वांत जड माणसाच्या वजनात किमान १०० मिळवा. तुमच्यासाठी १८० ते २०० लिटर, रुंदी ८० सेंटिमीटरच्या आसपास. मुलांना असला बोर्ड मोठा पडेल, वळवायला जड जाईल, पण त्यांच्या वजनाने तो हलतसुद्धा नाही आणि सुरुवातीला तेच हवं असतं. वरचा भाग मऊ फोमचा घ्या. गुडघे आणि हनुवट्या वाचतात.

दुसरी गोष्ट डॅगरबोर्ड, म्हणजे मधल्या खाचेतून खाली सोडायचं पातं. नवशिक्याचा बोर्ड वाऱ्याबरोबर आडवा वाहत जातो आणि मग तो ओढत, चालत परत आणावा लागतो. पातं खाली असलं की हे वाहणं बरंच कमी होतं, डुगडुगही कमी होते. उथळ पाण्यात मात्र ते वर घ्यायला विसरू नका, वाळूत रुतलं की स्वार पुढे आणि बोर्ड मागे.

वारा नसेल त्या दिवसाचं काय? त्यासाठी मास्ट बसवायची सोय असलेला, हवा भरायचा पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायचा बोर्ड, मिळतो. गाडीच्या डिकीत मावतो, मुलं त्यावर तासन्‌तास खेळतात. फक्त तळाशी मधोमध फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं, बसतं का ते पाहा, आणि हवा छापलेल्या आकड्यापर्यंत भरा, बहुतेकांना १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते. कमी भरली तर मास्टपाशी बोर्ड केळ्यासारखा वाकतो. वारा जोराचा झाला की मला तरी तो आवडत नाही. पण वर्षातून आठ-दहा दिवसच जाणार असाल तर मी हाच घेईन.

बोर्ड एक चालेल, शीड एक चालणार नाही. मुलांना दोन-अडीच चौरस मीटरचं, मोठ्यांना पाचच्या आसपासचं. मोठ्यांचं शीड पाण्यात पडलं की वर पाणी साचतं, मूल ते उचलूच शकत नाही आणि दहा मिनिटांत म्हणतं, मला नाही यायचं. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तर शीड लावूच नका, बोर्ड कितीही चांगला असो.

जुना कठीण बोर्ड घेणार असाल तर उभा करून जोरात हलवा. आत पाण्याचा आवाज आला, तर पुढची बोलणी नकोत.